पित्ताची गोळी आणि तिची गुंगी

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, उधना व पांडेसरा ह्या औद्योगिक वस्त्यांच्या शेजारी बमरोली हा भाग आहे. एके काळचे हे खेडे आज यंत्रमागांच्या खडखडाटात बुडून गेले आहे. ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहार ह्या प्रांतांतून आलेल्या कामगारांप्रमाणेच खानदेशातील अनेक मराठी कुटुंबेही सुरतेच्या ह्या पट्ट्यात पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेली आहेत. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव हे जिल्हे सुरतेशी कायमचे जोडले आहेत. मागावरची पाळी बहुधा बारा तासांची असते. मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाचे डोळे धाग्यावर आणि हात यंत्राजवळ, अशी त्याची सारी वेळ जाते.

अशा माणसाच्या अंगावर एखाद्या संध्याकाळी गांधी उठतात, सर्वांगाला खाज सुटते, किंवा पावसाळ्याच्या दमट दिवसांत पहाटेपासून शिंकांची माळ लागते आणि नाक वाहू लागते. खाडा केला तर मजुरी बुडते. मग कामावर जाता जाता औषधाच्या दुकानातून एक स्वस्त गोळी घेतली जाते. तासाभरात खाज शमते, शिंका थांबतात, आणि त्याच सुमारास पापण्याही जड होऊ लागतात. गुण येणे आणि गुंगी येणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच गोळीने घडतात. त्या का घडतात, आणि गुंगीचा धोका टाळून गुण कसा घ्यावा, हे जाणून घेणे बमरोलीच्या विणकरास जितके आवश्यक आहे, तितकेच ते रात्री मालमोटार हाकणाऱ्या चालकास, दळणाची चक्की चालवणाऱ्यास आणि तान्ह्या मुलाच्या आईसही आवश्यक आहे.

एक शब्द, दोन व्याधी

ह्या प्रश्नाची सुरुवात भाषेपासूनच होते. मराठीत ‘पित्त’ हा शब्द दोन अगदी भिन्न विकारांना लावला जातो. घशाशी आंबट येते, छातीत जळजळते, तेव्हा ‘पित्त झाले’ असे म्हणतात. आणि अंगावर लाल, उंच, खाजऱ्या गांधी येतात, तेव्हाही ‘पित्त उठले’ असेच म्हणतात. ह्या दुसऱ्या पित्तासाठी घरोघर आमसुलाचा कोळ अंगाला लावण्याची पद्धत आहे. गुजरातीत ह्याच गांधींना ‘शीळस’ असे स्वतंत्र नाव आहे. तेव्हा सुरतेतील एखाद्या दुकानात मराठी माणसाने नुसती ‘पित्ताची गोळी’ मागितली, तर दुकानदार पोटातील आम्ल कमी करणारी गोळी पुढे करण्याचा संभव पुष्कळ असतो. पोटासाठी गोळी हवी असलेल्यास गुंगीची गोळी मिळण्याचाही संभव आहेच. म्हणून ‘अंगावर गांधी उठल्या आहेत, खाज सुटली आहे’ असे लक्षण स्पष्ट सांगून औषध मागावे, हा पहिला साधा नियम होय.

गमतीची गोष्ट अशी की, ह्या दोन्ही पित्तांच्या मुळाशी एकाच द्रव्याचा हात असतो. त्या द्रव्याचे नाव हिस्टामिन. त्वचेतील गांधी, नाकातील स्राव व शिंका ह्या हिस्टामिन एका प्रकारच्या ग्राहकांवर काम करून घडवते. त्यांना शास्त्रज्ञ एच-वन ग्राहक म्हणतात. जठरातील आम्ल ते दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे एच-टू ग्राहकांच्या द्वारे वाढवते. १९७२ साली सर जेम्स ब्लॅक ह्या ब्रिटिश संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हा दुसरा प्रकार वेगळा करून दाखवला. त्यातून जठरव्रणावरील नवी औषधे निघाली आणि १९८८ साली ब्लॅक नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला. एका प्रकारच्या ग्राहकांवरील औषध दुसऱ्याचे काम करू शकत नाही, एवढे येथे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

हिस्टामिनची करामत

हिस्टामिन हे काही बाहेरून आलेले विष नव्हे. अन्नातील प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचे एक ॲमिनो आम्ल असते. त्यापासून शरीर स्वतःच हिस्टामिन तयार करते. त्वचा, नाक, श्वासनलिका व आतडी, म्हणजे जेथे जेथे शरीराची बाह्य जगाशी गाठ पडते, अशा ठिकाणी ‘मास्ट’ नावाच्या पेशी पहारेकऱ्यांप्रमाणे पसरलेल्या असतात. त्यांच्या पोटात बारीक कणांच्या रूपाने हिस्टामिनचा साठा भरलेला असतो. जखम झाली किंवा परका पदार्थ आत घुसला, तर हा साठा बाहेर पडतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातील संरक्षक पेशींना घटनास्थळी पोहोचण्यास वाट मिळते. डास चावल्यावर त्या जागी लालसर गांधी येते व खाज सुटते, तो ह्याच क्रियेचा एक लहानसा नमुना होय.

काही व्यक्तींच्या शरीरात मात्र हे पहारेकरी फारच हळवे झालेले असतात. घरातील धूळ, अंथरुणात वाढणारे सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण, एखादे खाद्य किंवा एखादे औषध ह्यांपैकी एखाद्या निरुपद्रवी वस्तूलाच त्यांचे शरीर शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य बनवून ठेवते. इम्युनोग्लोब्युलिन-ई हे त्या प्रतिद्रव्याचे नाव. ते मास्ट पेशींच्या पाठीवर जाऊन बसते. ती वस्तू पुन्हा शरीरात शिरताच प्रतिद्रव्य तिला पकडते, पेशी एकदम फुटल्यागत आपला साठा ओतते आणि काही मिनिटांतच शिंका, पाणी, सूज व खाज ह्यांचा उपद्रव सुरू होतो. ह्या विपरीत वागणुकीला १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या व्हिएन्नाच्या डॉक्टराने ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. मराठीत तिच्यासाठी ‘वावडे’ हा सुरेख शब्द फार पूर्वीपासून आहे. ‘ह्याला वांग्याचे वावडे आहे’ असे म्हणणाऱ्या आजीबाईने पिर्केचा सिद्धांत वाचलेला नव्हता. तिचे निरीक्षण मात्र खरे होते.

प्रत्येक गांधीमागे वावडेच असते, असे मात्र नाही. बांगडा किंवा कुपा ह्यांसारखा मासा पकडल्यानंतर बर्फात न ठेवता तसाच उन्हात राहिला, तर जंतू त्या माशातील हिस्टिडिनचे हिस्टामिन करून टाकतात. तो मासा शिजवला तरी हिस्टामिन नाहीसे होत नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, आणि ‘मला मासा सोसत नाही’ अशी त्याची समजूत होऊन बसते. दोष त्या माणसाच्या प्रकृतीचा नसून नासलेल्या माशाचा असतो.

पॅरिसमधील शोध

सर हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९१० साली हिस्टामिनचे गुणधर्म प्रथम तपशिलाने मांडले. पुढे १९२७ साली डेलच्याच सहकाऱ्यांनी ते यकृत व फुप्फुस ह्यांतून वेगळे काढले आणि हे द्रव्य शरीरातच असते, हे निश्चित झाले. तेव्हा त्याच्या उलट काम करणारे औषध शोधावे, हा विचार साहजिकच पुढे आला. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि त्याची तरुण सहकारी ॲन-मारी स्टाउब ह्यांनी असे पहिले द्रव्य हाती आणले. ते माणसास देण्याजोगे नव्हते, कारण ते फार विषारी ठरले. परंतु दार उघडले होते. १९४२ साली फ्रान्समध्येच रोग्याला देता येईल असे पहिले औषध निघाले. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठातील जॉर्ज रिव्हेश्ल ह्याने डायफेनहायड्रामिन बनवले व १९४६ साली ते बेनाड्रिल ह्या नावाने तेथील रोग्यांना मिळू लागले. फ्रान्समधून प्रोमेथाझिन आले. फेनिरामिन आणि क्लोरफेनिरामिन ही भावंडे त्यानंतरची. भारतात एव्हिल, फेनर्गन ही नावे ज्याच्या कानावर आली नाहीत असे घर विरळाच. बोव्हेला १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते काही अंशी ह्याच कामासाठी.

ही औषधे हिस्टामिनला नष्ट करीत नाहीत, किंवा मास्ट पेशींतून ते बाहेर पडण्याचेही सहसा थांबवीत नाहीत. त्यांचे काम निराळ्या प्रकारचे आहे. एच-वन ग्राहक हे जणू कुलूप आणि हिस्टामिन ही त्याची किल्ली असे मानले, तर औषधाचा रेणू त्या कुलपात आधीच जाऊन बसतो आणि त्याला बंद अवस्थेत धरून ठेवतो. किल्ली बाहेर फिरत राहते. दार उघडत नाही. ह्यावरून व्यवहाराची एक गोष्ट निघते. एकदा गांध उठून त्वचेत पाणी साचले की ते औषध परत शोषून घेत नाही. ते ओसरण्यास वेळ लागतोच. म्हणून ज्यास ठराविक ऋतूत किंवा ठराविक कामात त्रास होतो, त्याने डॉक्टराच्या सल्ल्याने औषध आधीपासून व नियमाने घेतल्यास जो गुण येतो, तो त्रास शिगेला पोहोचल्यावर दोन गोळ्या एकदम गिळून येत नाही.

झोप का येते?

आता गुंगीचा प्रश्न. हिस्टामिन त्वचेत खाज आणते, तेच मेंदूत माणसाला जागे ठेवते. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात मज्जापेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याचे तंतू सर्व मेंदूभर पसरलेले असून जागृतीच्या वेळी ते हिस्टामिन सोडत राहतात. झोपेत ह्या पेशी शांत असतात. म्हणजे हिस्टामिन हे मेंदूच्या घरातील दिव्याचे तेल आहे, असे म्हटले तरी चालेल.

रक्तातील वाटेल ते द्रव्य मेंदूत जाऊ नये, म्हणून निसर्गाने मेंदूच्या केशवाहिन्यांना एक घट्ट अस्तर दिले आहे. परंतु जुनी प्रतिहिस्टामिने आकाराने लहान व स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्यामुळे ह्या अस्तरातून सहज पार होतात. मग नाकातील कुलपाबरोबर ती मेंदूतील कुलूपही बंद करतात आणि दिवा मंदावतो. जपानमधील तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी मेंदूची विशेष चित्रे घेऊन ही गोष्ट प्रत्यक्ष मोजली. जुन्या पठडीतील औषधांच्या नेहमीच्या मात्रेनेदेखील मेंदूतील निम्म्या किंवा त्याहून अधिक एच-वन ग्राहकांचा ताबा घेतला जातो, असे त्यांना दिसून आले.

जुन्या औषधांचा दुसरा दोष असा की, ती केवळ हिस्टामिनच्याच कुलपात बसून थांबत नाहीत. ॲसिटिलकोलीन ह्या दुसऱ्या एका द्रव्याचेही काम ती अडवतात. धोत्र्याचे बी पोटात गेल्यावर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते व माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, हे खेडोपाडी ठाऊक आहे. ह्या औषधांचा अंगी तोच गुण सौम्य प्रमाणात असतो. फार मोठी मात्रा पोटात गेली तर चित्र पुष्कळसे धोत्र्याच्या विषबाधेसारखेच दिसते. साध्या पडशात ह्या गोळीने नाक थोडे सुकते, तेही मुख्यतः ह्याच गुणामुळे. पडसे विषाणूंचे असते. हिस्टामिनचा त्यात फारसा वाटा नसतो. म्हणून पडशासाठी दिवसातून तीन वेळा गुंगी विकत घेण्यात शहाणपण नाही.

कधी कधी हेच अवगुण उपयोगी पडतात. १९४७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावरील गांधींसाठी अशा जातीचे नवे औषध घेणाऱ्या एका स्त्रीच्या असे ध्यानात आले की, ट्रामच्या प्रवासात तिला नेहमी होणारी मळमळ नाहीशी झाली आहे. त्या एका तक्रारीच्या अभावावरून प्रवासातील ओकारीवरचे औषध सापडले. सुरतेहून नवापूरमार्गे कोंडाईबारीचा घाट चढून गावी जाणाऱ्या प्रवाशाला निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास दिली जाणारी गोळी बहुधा ह्याच कुळातील असते. प्रवाशाने ती घेऊन खुशाल डुलक्या घ्याव्या. गाडी हाकणाऱ्याने मात्र तिला शिवू नये.

न कळणारी गुंगी

ज्याला झोप येत आहे हे स्वतःस कळते, तो निदान सावध तरी होतो. खरा धोका न कळणाऱ्या गुंगीचा आहे. अमेरिकेतील आयोवा येथे वाहनचालनाच्या कृत्रिम यंत्रावर चाळीस चालकांची परीक्षा घेण्यात आली. तिचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकास निरनिराळ्या वेळी डायफेनहायड्रामिनची ५० मिलिग्रॅम मात्रा, नव्या पिढीतील फेक्सोफेनाडिन, मद्य आणि औषध नसलेली पोकळ गोळी देण्यात आली. मद्याचे रक्तातील प्रमाण शेकडा ०.१ च्या आसपास ठेवले होते. भारतातील वाहनचालकांसाठी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या हे तिपटीहून अधिक होय. तरीही वाहन चालवण्यातील ढिलाई मद्यापेक्षा डायफेनहायड्रामिनने अधिक झाली. फेक्सोफेनाडिन घेतलेले चालक पोकळ गोळी घेतलेल्यांसारखेच ठीक चालवीत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, चालकांना स्वतःला किती झोप येत आहे असे वाटत होते, त्यावरून त्यांचे चालवणे किती बिघडले आहे ह्याचा नीट अंदाज बांधता येत नव्हता. ‘मला काही होत नाही, मला सवय आहे’ हे वाक्य म्हणूनच विश्वासाला पात्र नाही.

यंत्रमागाचेही तसेच आहे. धोटा वेगाने ये-जा करीत असतो, पट्टे व दांडे फिरत असतात, तुटलेला धागा जोडताना बोटे नेमकी यंत्राच्या तोंडाशी जातात. हात मागे घेण्यास एका क्षणाचा उशीर झाला, तर बोट जाते. तीच गोष्ट रंगाई-छपाईच्या कारखान्यातील तप्त रुळांची, इमारतीच्या पराचीची आणि रस्त्यावरील दुचाकीची. रात्री घेतलेली गोळी सकाळी उतरलेली असते, हीही एक भाबडी समजूत आहे. क्लोरफेनिरामिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास प्रौढ माणसात सुमारे वीस तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. रात्री नऊला घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळच्या पाळीवर माणसाबरोबर हजर असतो.

दारूने ही गुंगी दुणावते. गुजरातेत दारूबंदी असली तरी हा इशारा देणे अनाठायी होणार नाही. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, फेफऱ्यावरची काही औषधे, अफूजन्य वेदनाशामके ह्यांच्याबरोबरही तोच परिणाम होतो. शिवाय सर्दीच्या म्हणून मिळणाऱ्या बहुतेक मिश्र गोळ्यांत व खोकल्याच्या कित्येक पातळ औषधांत क्लोरफेनिरामिन किंवा त्याचा एखादा भाऊबंद आधीच मिसळलेला असतो. सर्दीची एक गोळी, खोकल्याचे दोन चमचे आणि खाजेची एक गोळी, असे तीन आजारांचे तीन उपाय केल्याचे समाधान घेणारा माणूस वस्तुतः एकाच औषधाची तिप्पट मात्रा घेत असतो. भूक वाढावी म्हणून काही ठिकाणी दिले जाणारे सायप्रोहेप्टाडिन हेही ह्याच कुळातील आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

मुले आणि वृद्ध

आई कामावर जाते, मूल रडते, शेजारीण सांगते की सर्दीचे औषध चमचाभर पाज, निजून राहील. हा उपाय स्वस्त दिसतो; तो घातक आहे. लहान मुलाचा मेंदू व श्वासोच्छ्वास ह्यांवर ह्या औषधांचा परिणाम अनपेक्षित होतो. काही मुले निजण्याऐवजी उलट चेकाळतात, किंचाळतात. मात्रा अधिक झाली तर झटके येतात. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलास देऊच नये, कारण त्याने श्वास मंदावून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन ह्यांचे सर्दीवरील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. मूल शांत करण्यासाठी ह्या औषधांचा उपयोग कोणत्याही वयात करू नये. घरातील गोळ्यांचे पाकीट मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी असावे, हे वेगळे सांगावयास नको.

वृद्धांची स्थितीही नाजूक असते. त्यांच्या शरीरातून औषध हळू बाहेर पडते. रात्री लघवीला उठलेले आजोबा गुंगीत तोल जाऊन पडतात आणि मांडीचे हाड मोडून बसतात. पौरुषग्रंथी वाढलेल्या माणसाची लघवी ह्या गोळीने एकाएकी अडू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब वाढतो. बद्धकोष्ठ होते, विसराळूपणा वाढतो. घरची माणसे ‘आता वय झाले’ असे म्हणत राहतात आणि दोष मात्र उशाशी ठेवलेल्या पाकिटात असतो. अमेरिकेतील वृद्धचिकित्सकांच्या संघटनेने वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची जी यादी केली आहे, तीत जुनी प्रतिहिस्टामिने आहेत. केवळ झोप यावी म्हणून ती रोज घेणेही व्यर्थ होय. तीनचार दिवसांतच शरीर त्या गुंगीस सरावते आणि कोरडे तोंड तेवढे शिल्लक उरते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर डॉक्टरास विचारल्यावाचून ह्यांपैकी कोणतीच गोळी घेऊ नये.

नवी पिढी

ह्या अडचणीतून वाट काढण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी मेंदूत सहजी न शिरणारी औषधे बनवली. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ही त्यांची आजची परिचित नावे. त्यांतील काही रेणू मेंदूच्या अस्तरापाशी पोहोचले, तर तेथील वाहक प्रथिने त्यांना परत बाहेर लोटतात. अंगावरील गांधींसाठी व ॲलर्जीच्या शिंकांसाठी ह्या नव्या औषधांनाच आज जगभर पहिली पसंती आहे. तीही सर्वस्वी निर्दोष नव्हेत. सेटिरिझिनच्या १० मिलिग्रॅम मात्रेने अमेरिकेतील चाचण्यांत शेकडा चौदा लोकांना सुस्ती आली. पोकळ गोळी घेतलेल्यांत हेच प्रमाण शेकडा सहा होते. म्हणून पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घेऊन आपल्या प्रकृतीची परीक्षा करावी आणि मगच ती घेऊन कामावर जावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास तिची मात्रा कमी करावी लागते. फेक्सोफेनाडिनने सुस्ती जवळजवळ येत नाही. पण ते पाण्याबरोबर घ्यावे, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ते अंगी कमी लागते.

नवे म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. ह्या पिढीतील अगदी पहिले औषध टर्फेनाडिन. ते गुंगी आणीत नसे म्हणून त्याचा मोठा बोलबाला झाला; परंतु काही जंतुनाशक व बुरशीनाशक औषधांबरोबर घेतल्यास हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडतात, असे आढळून आल्यावर अमेरिकेत १९९८ च्या सुमारास ते बाजारातून नाहीसे झाले. त्याची जागा ज्या फेक्सोफेनाडिनने घेतली, ते टर्फेनाडिनपासूनच शरीरात तयार होणारे निरुपद्रवी रूप होय.

गोळीचे काम जेथे संपते

काही दुखण्यांत कोणतेही प्रतिहिस्टामिन पुरे पडत नाही, आणि त्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, एखादे इंजेक्शन घेतल्यावर किंवा काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्याबरोबर श्वास लागला, आवाज बसला, जीभ किंवा घसा सुजला, ओकाऱ्या होऊन चक्कर आली, तर ते साधे पित्त नव्हे. त्या भयंकर अवस्थेवर मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे. गोळी गिळून वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रोग्यास मोठ्या रुग्णालयात न्यावे. सुरतेत मजुरा गेटचे नवे सिव्हिल रुग्णालय आणि महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय ह्या कामी आहेत. दम्याचा झटका आला असतानाही ही गोळी उपयोगी नाही. तेथे श्वासावाटे घ्यावयाचे औषधच हवे.

दुसरे उदाहरण गाजर गवताचे. पुण्याजवळ १९५० नंतरच्या दशकात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर माजले आहे. त्याच्या स्पर्शाने शेतकऱ्यांच्या हातांवर, मानेवर व पापण्यांवर जो चिवट इसब उठतो, तोही एक प्रकारचे वावडेच. पण त्याची जात वेगळी. तो मिनिटांत न उठता एकदोन दिवसांनी उठतो व त्यात मुख्य काम हिस्टामिनचे नसून रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींचे असते. तेथे गोळीने फार तर रात्रीची झोप लागते. रोग जात नाही. त्वचारोगतज्ज्ञाचा मलम आणि त्या गवतापासून दूर राहणे, हाच तेथे उपाय. सिमेंट हाताळणाऱ्या गवंड्याच्या हातावरील इसबही पुष्कळ वेळा ह्याच जातीचा असतो. रंगाईच्या कारखान्यातील काही रंगांच्या भुकटीने नाक व छाती धरते, तेव्हाही गोळ्यांवर दिवस काढण्यापेक्षा तोंडानाकावर योग्य मुखवटा, भुकटी न उडेल अशी हाताळणी आणि वेळेवर डॉक्टरी तपासणी ह्यांची आवश्यकता असते. छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि सुट्टीच्या दिवशी तो थांबू लागला, तर कारण कामाच्या जागीच आहे, हे ओळखावे.

नाकाच्या नित्य ॲलर्जीसही गोळीपेक्षा अधिक गुणकारी उपाय आहे. तो म्हणजे डॉक्टराने दिलेला, नाकात रोज फवारावयाचा स्टेरॉइडचा फवारा. त्याची नुसत्या नावाने वाटणारी भीती अनाठायी आहे. तो योग्य रीतीने वापरल्यास रक्तात फारच थोडा जातो. मात्र त्याचा पूर्ण गुण येण्यास काही दिवस धीर धरावा लागतो. त्याच्या जोडीला घरातील उपाय करावे. चादरी व उशांच्या खोळी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवाव्या, गाद्या उन्हात टाकाव्या, केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने जमीन पुसावी, पावसाळ्यात भिंतीवर चढणारी बुरशी पुसून काढावी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुण्याची आपली जुनी नेतीची पद्धतही येथे चांगली उपयोगी पडते.

भारताच्या औषध नियमावलीने जुन्या प्रतिहिस्टामिनांची नावे एका स्वतंत्र अनुसूचीत घातली असून, ‘वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे’ अशा अर्थाचा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. दुर्दैवाने ह्या गोळ्या बहुधा पाकीट कापून दोन-दोन, चार-चार अशा सुट्या विकल्या जातात, आणि इशारा दुकानातच राहतो. म्हणून गोळी घेणाऱ्याने चार गोष्टी न संकोचता बोलाव्या. आपले लक्षण काय आहे ते सांगावे. आपण यंत्रावर किंवा वाहनावर काम करतो हे सांगावे. दुसरी कोणती औषधे चालू आहेत ती दाखवावी. आणि ‘ह्या गोळीने झोप येते काय?’ असा सरळ प्रश्न विचारावा. झोप आणणारी व न आणणारी अशा दोन्ही गोळ्या आज त्याच दुकानात, जवळजवळ सारख्याच भावात मिळतात. दोन रुपयांची खाज शमवण्यासाठी बोट गमावण्याची पाळी बमरोलीच्या कोणत्याही विणकरावर येण्याचे कारण उरलेले नाही.